बसआधीचं बोलणं

हेमांगी खळदकर कवळ्या करायची. पुण्यातल्या एका दंत महाविद्यालयाच्या तळघरात तिची प्रयोगशाळा होती आणि गेली एकतीस वर्षं ती तिथे काम करत होती. हिरड्यांचं माप आलं की त्यात प्लॅस्टर ओतायचं, ते घट्ट होईपर्यंत त्याला बोट लावायचं नाही, मग मेणाच्या पट्टीवर एकेक दात रोवत जायचं. आता ही कामं यंत्रं करत. पण काही म्हाताऱ्यांच्या हिरड्या इतक्या झिजलेल्या असत की यंत्राची कवळी त्यांच्या तोंडात ठरतच नसे. अशी तोंडं हेमांगीकडे येत.

निवृत्तीला चौदा महिने राहिले होते, आणि ती राहत होती पुण्यापासून दीडशे किलोमीटरवर, माण तालुक्यातल्या माळावर.

तिच्या वडिलांना हे सांगितलं असतं तर ते हसले असते. ते छापखान्यात मशीनमन होते. नवी पेठेतल्या त्यांच्या खोलीपासून छापखाना सायकलवर सात मिनिटं, आणि त्यातलं एक मिनिट साखळी पडायची म्हणून. त्या काळी कोणी कोथरूडला घर घेतलं की लोक भेटायला जाताना पाण्याची बाटली बरोबर घेत. मग धायरी झाली, मग खेड शिवापूर, मग शिरवळ. उपनगर म्हणायचं आणि माणसाला आणखी थोडं पुढे ढकलायचं, असं चालूच राहिलं. पण माणूस रोज किती तास रस्त्यावर काढू शकतो याला एक मर्यादा होती, आणि त्या मर्यादेशी येऊन शहर थांबलं होतं.

ती मर्यादा झोपबसनं मोडली.

झोपबसमध्ये बसलं की कपाळाला एक मऊ पट्टा बांधावाच लागे. त्यातून अगदी क्षीण वीज आणि ठरावीक लयीतले टकटक आवाज मेंदूकडे जात. झोपेत मेंदूत मोठमोठ्या संथ लहरी उठतात. एरवी त्या यायला वीस-तीस मिनिटं लागतात, पट्टा त्या चार मिनिटांत उठवी. दोन तासांच्या प्रवासात रात्रीच्या चार तासांइतकी झोप व्हायची. माणूस पुण्यात उतरायचा तो ताजातवाना. मग दीडशे किलोमीटर काय आणि दोनशे काय! वेळ वाया जातच नव्हता, उलट पदरात पडत होता. कंपनीनं बसगाड्यांसाठी वेगळा रस्ता केला आणि जिथे हुलगे आणि बाजरीशिवाय काही पिकत नसे त्या माळावर बारा हजार घरं उभी केली.

एकच गोष्ट होती. कंपनीनं ती लपवली नव्हती, करारात सातव्या पानावर छापली होती. आपण जे पाहतो-ऐकतो ते लगेच कायमचं साठवलं जात नाही. कानशिलाच्या आत खोलवर एक वाकडा अवयव असतो, समुद्रघोड्याच्या आकाराचा. ताजी आठवण आधी तिथे ओलीच पडून राहते. नैसर्गिक झोपेत संथ लहरींच्या जोडीला लहान, भराभर येणाऱ्या लहरी असतात, त्या तिला हळूहळू आत नेऊन पक्की करतात. पट्टा संथ लहरी उठवायचा पण त्या लहान लहरी दाबून टाकायचा. त्यामुळे बसायच्या आधी सुमारे पन्नास मिनिटांत जे घडलं असेल ते पुसलं जायचं, कायमचं.

हेमांगीला हे समजायला डॉक्टरांची गरज पडली नाही. ओल्या प्लॅस्टरमधून माप ओढून काढलं तर काय होतं हे तिला ठाऊक होतं.

पहिलं वर्ष विचित्र गेलं. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारी डबा उघडला की तिला रोज नवल वाटायचं, कारण भाजी कोणती हे ती भरणाऱ्या तिलाच माहीत नसायचं. दारात चपला घालताना नवऱ्याशी झालेली भांडणं तो विसरायचा, तीही विसरायची, आणि संध्याकाळी दोघं एकमेकांशी उगाचच घुश्शात असायची. कचेऱ्यांनीही सवय करून घेतली. संध्याकाळच्या बसच्या आधी तासभर कोणाला महत्त्वाचं काम सांगायचं नाही. हेमांगी पाच वाजल्यानंतर प्लॅस्टर कालवत नसे.

माळावर मग हळूहळू एक रीत पडली. प्रत्येक घराच्या दाराशी एक पांढरा फळा लागला. सकाळी काही महत्त्वाचं ठरलं तर ते फळ्यावर लिहायचं, खाली सही करायची. संध्याकाळी येऊन वाचायचं आणि मानायचं. फळ्यावर नाही ते घडलंच नाही. ‘बसआधीचं बोलणं’ पुन्हा उकरून काढायचं नाही, दुसऱ्याच्या घरातलं कानावर पडलं तरी ते सांगायचं नाही. कोणी सांगितलं तर लोक त्याला चोंबडा म्हणत. खळदकरांच्या घरात ही रीत आणली हेमांगीनंच.

“सकाळची मीसुद्धा मीच ना?” ती नवऱ्याला म्हणाली होती. “तिच्यावर विश्वास ठेवायला काय जातंय?”

जयवंत हसून म्हणाला होता, “सकाळची तू जरा चिडकी असतेस, एवढंच.”

दोन वर्षांपूर्वी जयवंत कारखान्यातून निवृत्त झाला आणि त्याचं बसमध्ये बसणं थांबलं. तेव्हापासून त्या घरातल्या सकाळी एकट्या त्याच्याच लक्षात राहत होत्या. यात काही वावगं आहे असं हेमांगीच्या मनातही आलं नाही.

एका गुरुवारी ती घरी आली तेव्हा फळ्यावर जयवंतच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं : ‘नवी पेठेची खोली विकायची ठरली. साठेखत झालं. हेमाचा होकार.’ खाली तिची सही होती. ‘हे’ची मात्रा जरा जास्तच लांब ओढलेली, म्हणजे तिचीच.

ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून उभी राहिली.

ती खोली तिची होती. बाबा नऊ वर्षांपूर्वी गेले तेव्हा त्यांनी ती तिच्या नावावर केली होती. लग्नानंतर ती आणि जयवंत तिथेच राहिली, बाबांना दवाखान्यात नेईपर्यंत तिथेच सांभाळलं. जयवंतला मोकळी हवा हवी होती म्हणून ती माळावर आली, पण एका अटीवर : निवृत्त झाल्या दिवशी परत जायचं. तोवर खोली ना भाड्यानं द्यायची, ना विकायची. जयवंतनं ते कबूल केलं होतं, आणि तेही रविवारी, बस नसताना, भर दुपारी. महिन्यातून एकदा जेवणाच्या सुट्टीत ती चालत तिथे जायची, खिडक्या उघडायची, केर काढायची, पाचेक मिनिटं बसून परत यायची. पाऊण तासाचं काम. चौदा महिन्यांनी ती तिथे उठणार होती, आणि उठल्यापासूनचा सगळा दिवस तिला आठवणार होता.

“अहो, हे काय?”

जयवंत चहा गाळत होता. “काय म्हणजे? लिहिलंय ना.”

“मी हो म्हणाले?”

“सही तुझी. फोनवर अंगठाही तुझा. पुढच्या मंगळवारी अकरा वाजता खरेदीखत, पुण्यात. मीही येणार आहे, साक्षीदार म्हणून.” त्यानं कप तिच्यासमोर ठेवला. “दुसऱ्या टप्प्यातला बंगला घेऊ. पुढे अंगण, मागे डाळिंबाची चार झाडं. उतारवयात तिसरा मजला कोण चढणार?”

“पण मी का हो म्हणाले?”

“ते आता कसं सांगू?” तो सौम्यपणे म्हणाला. “बसआधीचं बोलणं परत काढायचं नाही, हा नियम कोणाचा?”

तिचाच होता. तिनं खांद्यावरची पर्स खाली ठेवली.

तिला नवऱ्याचा संशय आला नाही. ती शोधत राहिली ते स्वतःचं कारण. आपण हो म्हणालो म्हणजे काहीतरी विचार केला असणार. तो काय असेल? शुक्रवारी जेवणाची सुट्टी घेऊन ती नवी पेठेत गेली. जिने चढताना गुडघे दुखले. हे कारण असेल? पण गुडघे तर गेली पाच वर्षं दुखत होते. खिडकीखाली नवी इमारत होत होती; धूळ? धुळीनं काय होतं? दारामागे बाबांच्या शर्टाचा खिळा होता. शाईचे डाग न गेलेला शर्ट ते त्याला टांगत आणि त्या भिंतीवर खांद्याच्या उंचीला एक निळसर सावली कायमची बसली होती. रंग दिला तरी ती दोन महिन्यांनी वर यायची. हेमांगीनं त्या डागावर तळवा ठेवला. सकाळच्या त्या दुसऱ्या हेमांगीला हे सगळं ठाऊक असूनही ती हो म्हणाली होती. मग तिला असं काय कळलं होतं, जे आपल्याला कळत नव्हतं?

कारण काही सापडलं नाही. तिनं खिडक्या लावल्या आणि ती कामावर परत गेली.

रविवारी बस नसे. दुपारी शेजारची गऊआक्का जिन्याच्या चौकात हुलगे पाखडत बसली होती. गऊबाई मदने, वय अठ्ठ्याहत्तर. ज्या माळावर ही इमारत उभी होती तो तिच्या सासऱ्याचा. जमिनीच्या बदल्यात तिच्या मुलाला इथे घर मिळालं होतं. मुलगा-सून झोपबसनं जात. गऊआक्का कधीच बसमध्ये बसली नव्हती. मेंढरांमागे जन्म गेलेल्या बाईला पुण्याला जाऊन करायचं काय?

हेमांगी शेजारी बसून खडे निवडू लागली.

“खोली इकताय म्हनं,” आक्का सुपाकडे बघत म्हणाली.

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पायजे? भितीला कान लावायची बी गरज न्हाय. कंपनीनं भिती बांधल्यात का पापड लाटल्यात!” आक्कानं सूप खाली ठेवलं. “सुनंनं मला बजावलंय, सकाळचं कुनाचं कुनाला सांगायचं न्हाय. चोंबडी म्हनत्याल. आता या वयाला चोंबडी म्हनलं काय आन् सोंबडी म्हनलं काय! पोरी, येक इचारू? तू बाराव्या दिशी हो का म्हनलीस?”

हेमांगीच्या हातातला खडा तसाच राहिला. “बाराव्या दिवशी म्हणजे?”

“म्हंजी त्याच्या आदी अकरा दिस तू न्हाय म्हनत हुतीस की! रोज सक्काळी. मला आदी वाटलं, तुमा शेरातल्या लोकांचं हे रोजचं भजन आसंल. तो इचारायचा, खोली इकूया का. तू म्हनायचीस, न्हाय. दुसऱ्या दिशी पुन्यांदा तेच, जसं काय पयल्यांदाच.”

“तेच?”

“तेच कुटलं! तुजं तेच. त्याचं रोज नवं सोंग. येक दिस म्हनला, ती बिल्डिंग पाडनार हायत. तू म्हनलीस, कागूद दाव. येक दिस म्हनला, मला हार्टाचं हाय, जिना जमायचा न्हाय. तू म्हनलीस, आज सुट्टी घेते, डाक्टरकडं चला. तवा मागं सरला. येक दिस रडला बी. तू पानी दिलंस, पन न्हाय म्हनलीस.” आक्कानं तिच्याकडं पाहिलं. “लई घट्ट बाई हायस तू. मला रोज सकाळी आयकून बरं वाटायचं.”

“आणि बाराव्या दिवशी?”

आक्कानं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. “बाराव्या दिशी त्यानं तुज्या बाचं नाव काडलं. म्हनला, दवाखान्यात शेवटाला मी येकटाच हुतो, तू कामावर हुतीस. बाबा म्हनलं, माज्यामागं ती खोली इकून टाका, हेमाला त्या जिन्यात आडकवू नका. खुर्ची वडल्याचा आवाज आला. मग म्हनलीस, बाबा म्हनलं आसतील तर ठीक हाय. आन् रडलीस.”

खाली कोणीतरी गाडी धूत होतं. पाण्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

“मला काय वाटलं सांगू?” आक्का म्हणाली. “अकरा दिस खोटं बोलला तो बाराव्या दिशी खरं कसा बोलंल? पन आसंल बी खरं. मेलेल्या मान्साचं बोलनं. कुनी इचारावं?”

हेमांगी घरात गेली. जयवंत सोफ्यावर आडवा होऊन बंगल्याचा नकाशा बघत होता. “काय म्हणतेय म्हातारी?” त्यानं विचारलं.

“काही नाही,” ती म्हणाली. “हुलग्यांना कीड लागलीय म्हणत होती.”

मंगळवारपर्यंत तिच्या मनात एकच हिशेब चालला होता. नकार आपलाच होता, तो शाबूत आहे, हे कळल्यावर खोलीचा प्रश्न उरलाच नव्हता. खरेदीखतावर सही करायची नाही म्हणजे नाही. पण बाबा? बाबांचा शेवटचा दिवस तिच्याकडे नव्हताच. ती कामावर होती, एका आजोबांच्या कवळीत. तो दिवस फक्त जयवंतकडे होता आणि त्यानं त्याला हात घातला होता. खोटं असेल तर त्यानं बाबांच्या तोंडी ते घातलं होतं. खरं असेल तर आपण बाबांची शेवटची इच्छा मोडणार होतो. संध्याकाळी विचारलं तर तो काय सांगेल ते तिला माहीत होतं. संध्याकाळी विचारून काही उपयोग नव्हता. संध्याकाळी लोक सांभाळून बोलतात.

सकाळी नाही. सकाळी, बसच्या आधी, माळावरचा माणूस वाटेल ते बोलत असे. दोघांनाही बस गाठायची असली, तर फारच. काही नवराबायको म्हणे मुद्दाम सगळं त्याच वेळी बोलून मोकळी होत. देवळात जाऊन आल्यासारखं वाटतं म्हणत.

मंगळवारी सहा वाजता दोघं घराबाहेर पडली. बस सहा चाळीसची. जयवंतनं इस्त्रीचा शर्ट घातला होता, काखेत कागदांची पिशवी. दोन वर्षांनी तो झोपबसमध्ये बसणार होता. थांब्यापर्यंतचा रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना कंपनीनं लावलेली आणि न जगलेली झाडं.

“अहो,” हेमांगी चालता चालता म्हणाली, “मी किती वेळा नाही म्हणाले?”

जयवंत थांबला. आधी त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे. सहा वाजून नऊ मिनिटं. मग तो चक्क हसला.

“म्हातारीनं सांगितलं?”

“कोणी का सांगेना.”

“अकरा.” त्यानं खांदे सैल सोडले आणि पुन्हा चालू लागला. “अकरा वेळा. बाराव्यांदा हो म्हणालीस. पण हेमा, जबरदस्ती नाही केली हं मी. तू तुझ्या तोंडानं हो म्हणालीस.”

“आणि आधी अकरा वेळा नाही म्हणाले, त्याचं काय?”

“ते तुला कुठं आठवत होतं? तुला काय त्रास झाला त्याचा, सांग बरं? तू रोज ताजीतवानी उठायचीस. नकार पचवला तो मी. अकरा वेळा. एकदा तर तू मला ‘विश्वासघातकी’ म्हणालीस आणि संध्याकाळी येऊन माझ्यासाठी बाकरवडी काढलीस पिशवीतून. कसं वाटलं असेल मला?”

त्याला खरंच वाईट वाटलं होतं. ते त्याच्या आवाजात होतं. हेमांगीला त्याचंच भय वाटलं.

“रोज नवीन काहीतरी सांगायचात.”

“मग काय करणार? काल काय चाललं नाही ते मला आठवत होतं. तुझ्यासाठी प्रत्येक दिवस पहिला.” तो म्हणाला, “तुला फसवायचं नव्हतं गं. तुझं मन वळवायचं होतं. नवरे बायकांचं मन वळवतात की नाही? मला फक्त वेळ जास्त मिळाला.”

थांबा दिसू लागला. दहा-बारा माणसं पिशव्या घेऊन उभी होती. हेमांगीनं चाल हळू केली.

“बाबांचं काय? ते खरंच तसं म्हणाले होते?”

 त्यानं पुन्हा घड्याळ पाहिलं. सहा अठरा.

“दोघंही विसरणार आता,” तो स्वतःशीच म्हटल्यासारखा म्हणाला. “नाही. उलटं म्हणाले होते.”

“उलटं म्हणजे?”

“नळ्या काढल्या होत्या तोंडातल्या. मला म्हणाले, ‘जयवंतराव, खोली तिच्या नावावरच राहू द्या. तिला कधी एकटीला जावंसं वाटलं तर एक दार असू दे.’ एवढंच. मग पाणी मागितलं, ते द्यायच्या आत गेले.”

हेमांगी रस्त्यातच थांबली. 

“नऊ वर्षं मला सांगितलं नाहीत?”

“राग आला होता मला!” तो एकदम मोठ्यानं म्हणाला, मग आजूबाजूला पाहून त्यानं आवाज खाली घेतला. “मी त्यांचं हागणंमुतणं काढलं, हेमा. सख्ख्या मुलासारखं. आणि मरताना माणूस जावयाला हे सांगतो? म्हणजे तुझ्यावर एक दिवस माझ्यापासून पळून जायची वेळ येणार असं ते धरूनच चालले होते. मी असं काय केलं होतं? तेव्हा तरी काय केलं होतं मी?”

 त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि एक लांब श्वास सोडला.

“बरं वाटलं बोलून,” तो म्हणाला. “कोणाला सांगितलंच नव्हतं.”

बस आली. दोघं चढली. त्यांच्या जागा शेजारी शेजारी होत्या, उजवीकडच्या. जयवंत खिडकीशी बसला. त्याला पट्ट्याची कळ सापडेना, दोन वर्षांत बदलली होती. हेमांगीनं ती लावून दिली, कपाळावरचे केस मागे सारले, गाठ नीट बसवली.

“तुझा?”

“लावते.”

“उठलो की आधी चहा घेऊ,” तो म्हणाला. “मग कचेरी.” पट्ट्यावरचा दिवा हिरवा झाला. त्याच्या पापण्या मिटल्या, हनुवटी सैल पडली आणि तोंड किंचित उघडं राहिलं. हेमांगीनं आयुष्यभरात हजारो उघडी तोंडं पाहिली होती. ती या एका तोंडाकडे थोडा वेळ बघत राहिली. त्यातून आत्ताच बाहेर पडलेलं ते बोलणं आता त्याच्या आत ओलं होतं, आणि थोड्याच वेळात तिथे काही उरणार नव्हतं. बाबांचे शब्द त्याला आठवणार होते, ते नऊ वर्षं आतच होते. पण ते आपण हिला सांगितले, हे त्याला आठवणार नव्हतं.

तिनं पर्स उचलली आणि ती पुढे गेली.

“काकू, बस सुटतेय,” दाराशी उभी असलेली मुलगी म्हणाली. “पट्टा?”

“मी नाही येत. माझ्या मिस्टरांना तेवढं पुण्यात नीट उतरवा. त्यांना सवय राहिलेली नाही.”

रिक्षानं ती दहिवडीच्या स्टँडवर आली; तिथे पुण्याची साधी एसटी सव्वासातला लागत होती. तिच्यात आता कोण बसतं? दोन कांद्याची पोती, एक नवरीचा मामा म्हणून ओळख सांगणारा गृहस्थ, आणि आपापल्या गावाला उतरणाऱ्या चार-सहा बाया. कंडक्टरनं तिकीट फाडताना तिच्याकडे दोनदा पाहिलं.

“पुन्यापातूर? पाच तास लागत्याल बाई. झोपबस चुकली का?”

“नाही,” हेमांगी म्हणाली. “सोडली.”

तिनं खिडकी उघडली. पहाट संपली होती आणि माळावर ऊन पसरत होतं. सहा वर्षं ती माळावरून पुण्याला जात-येत होती, आणि मधला मुलूख तिनं कधी पाहिलाच नव्हता. मधे डोंगर आहेत हेही तिला माहीत नव्हतं. ती बाबांचं वाक्य मनात म्हणत राहिली, पुन्हा पुन्हा, एकही शब्द इकडचा तिकडे न होऊ देता. मोगराळ्याचा घाट उतरेपर्यंत तिला खात्री पटली की ते आता पक्कं झालं आहे.

मग तिनं खोली घेणाऱ्यांना फोन केला. आपण सही करणार नाही, दिलेला विसार परत करू, तुम्हाला उगाच हेलपाटा पडला त्याबद्दल माफ करा, असं सांगितलं. ते चिडले. तिनं ऐकून घेतलं.

फलटणच्या स्टँडवर गाडी थांबली असताना जयवंतचा फोन आला. नऊ वाजत होते.

“हेमा? कुठं आहेस तू? मी उठलो तर शेजारी कोणीच नाही. ती मुलगी म्हणते, तू उतरलीस. आपण घरातून एकत्र निघालो ना?”

“निघालो.”

“मग?” त्याचा आवाज लहान झाला. “रस्त्यात काही झालं का? काही बोललो का आपण?”

हेमांगीनं फोन या कानाचा त्या कानाला लावला. या क्षणी ती त्याला काहीही सांगू शकत होती. तुम्ही माफी मागितलीत. तुम्ही पाया पडलात. तुम्हीच म्हणालात, जा. त्याला ते खरं मानावंच लागलं असतं. त्या बारा दिवसांत रोज सकाळी त्याच्या हातात काय होतं, ते तिला आता कळलं. ते इतकं सोपं होतं.

“बोललो,” ती म्हणाली आणि तिनं सगळं सांगितलं. तो बोलला होता तेवढंच, त्याच्याच शब्दांत. अकरा नकार. बाकरवडी. नळ्या काढलेल्या बाबांचं वाक्य. त्याचा राग. त्यानं बाहीनं पुसलेले डोळे.

 मग तो म्हणाला, “हे मी सांगितलं? मी?”

“हो.”

“म्हणजे तू मला बसमध्ये बसवून... तू मुद्दाम... हेमा, हे बरं केलं नाहीस. अगं, ते बसआधीचं बोलणं होतं!” तो म्हणाला. “बरं, असू दे. संध्याकाळी घरी बोलू. घरी बसून नीट बोलू.”

“घरी नाही. मी आजपासून नवी पेठेत राहणार. महाविद्यालय तिथून चालत पंधरा मिनिटं आहे. माझे कपडे शनिवारी येऊन नेईन, दुपारी येईन.”

“असं फोनवर नको ना सांगूस. संध्याकाळी थांब्यावर ये, बस सुटायच्या आधी बोलू. दहा मिनिटं.”

“नाही,” हेमांगी म्हणाली. “तुमची परतीची बस सहाची आहे आणि आत्ता नऊ वाजलेत. म्हणून आत्ताच सांगतेय. हे तुमच्या लक्षात राहील.”

कंडक्टरनं घंटी मारली. तिनं फोन पर्समध्ये टाकला आणि शेजारच्या बाईला बसता यावं म्हणून ती खिडकीकडे सरकली.